गिअरची दांडी आणि घाटाचा उतार

वसंतातील व्याख्यानांसाठी साहित्य, इतिहास, अर्थकारण, आरोग्य असे विषय योजण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. त्या पंक्तीत ‘गिअरची दांडी’ येऊन बसलेली पाहून कोणाला हसू आले, तर आम्ही त्याला दोष देणार नाही. जुनी स्पोर्ट्स गाडी बाळगणे हा मूठभरांचा छंद. तिची गिअरची दांडी सुधारून घेणे हा त्या छंदाच्या पोटातला आणखी एक छंद. ज्यांच्या दारात अशी गाडी नाही, त्यांनी हा विषय का ऐकावा?

याचे उत्तर आपल्या भूगोलात आहे. महाड आणि पोलादपूर ही गावे डोंगरांच्या ओंजळीत वसली आहेत. महाडहून भोरकडे निघालो की वरंधा घाट लागतो. पोलादपुराहून महाबळेश्वराकडे वळलो की प्रतापगडाच्या अंगाने आंबेनळी घाट लागतो. खेडकडे निघालो तर कशेडी घाट. कशेडीच्या डोंगरातून आता बोगदा झाला आहे आणि २०२३ साली गणेशोत्सवाच्या सुमारास त्यातून पहिल्यांदा वाहने सोडण्यात आली, ही गोष्ट खरी. पण वरंधा आणि आंबेनळी यांची वळणे अजून आपल्याला हातानेच उलगडावी लागतात. अशा मुलखात जो गाडी चालवतो, मग ती जुनी असो, नवी असो, मालाची असो की मौजेची असो, त्याचा डावा हात आणि गिअरची दांडी यांचे नाते केवळ छंदाचे राहत नाही. एखाद्या उतारावर सर्वांची सुखरूपता त्या हाताच्या वीतभर हालचालीवर अवलंबून असते. ही हालचाल कशी चालते, ती कशाने बिघडते आणि तिची खरी सुधारणा कोणती, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रथम घाटाचा हिशेब करू. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तेथून पोलादपुरापर्यंत चाळीसेक किलोमीटरांच्या वाटेत गाडी बाराशे मीटरांहून अधिक खाली येते. माणसांसह टनभर वजनाची गाडी धरली, तर १,२०० मीटर उतरताना ती जी शक्ती मोकळी करते ती सुमारे सव्वातीन युनिट विजेइतकी भरते. घरगुती भाषेत सांगायचे तर तेवढ्या उष्णतेने पस्तीस लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. न्हाणीघरातला एखादा मोठा बंब भरून आधण येईल एवढी ही उष्णता! यातला काही वाटा टायरांचे घर्षण घेते, काही वारा घेतो. उरलेला कोठे तरी जिरवावा लागतो. तो जिरवायला दोनच जागा आहेत: एक ब्रेक, दुसरी इंजिन.

ब्रेक ही उष्णता ड्रमच्या आणि लायनिंगच्या घर्षणात जिरवतात. जुन्या गाड्यांना बहुधा चारही चाकांना ड्रमचेच ब्रेक असत. ड्रम हा बंद डबा असल्याने तो लवकर तापतो आणि सावकाश निवतो. फार तापला की लायनिंगची पकड ढिली पडते; पाय तेवढाच दाबला तरी गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. इंजिनचे तसे नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडून खालच्या गिअरात गाडी ठेवली की चाकेच इंजिनला फिरवू लागतात. पिस्टनांना हवा ओढणे, दाबणे, घर्षण सोसणे ही कामे करावी लागतात आणि त्या कामात उताराची शक्ती खर्ची पडते. निघालेली उष्णता रेडिएटर व सायलेन्सर यांच्या वाटेने बाहेर जाते. ब्रेक मात्र गार राहतात. चवथ्या गिअरात चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिन जितके फिरते, त्याच्या दुपटीहून अधिक ते दुसऱ्या गिअरात फिरते. म्हणून दुसऱ्या गिअरातला रोध मोठा. ‘ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर’ हे जुन्या ड्रायव्हरांचे सूत्र याच हिशेबावर उभे आहे. उतारावर गाडी न्यूट्रल करून चार पैशांचे पेट्रोल वाचवणारा माणूस या सूत्राच्या नेमका उलट वागतो. तो इंजिनाला रजा देतो आणि सारा भार एकट्या ब्रेकवर टाकतो.

आता दांडीकडे वळू. गिअरबॉक्समध्ये दातेरी चक्रांच्या जोड्या असतात, हे सर्वांना ठाऊक असते. पण आजच्या बहुतेक गाड्यांत, आणि जुन्यांपैकी बऱ्याच गाड्यांत, पुढे जाण्याच्या गिअरांची चक्रे एकमेकांत आधीच गुंतलेली असतात, हे फारसे ठाऊक नसते. आपण दांडी हलवतो तेव्हा चक्र हलत नाही. एक दातेरी कडे सरकते आणि हव्या त्या चक्राला दंडाशी जखडून टाकते. हे कडे सरकवायला दोन बोटांचा एक चिमटा असतो, त्याला आपले फिटर ‘फोर्क’ म्हणतात. फोर्क एका सळईवर बसलेला असतो. चार गिअरांच्या पेटीत पुढच्या गिअरांसाठी दोन सळया: एक पहिल्या-दुसऱ्याची, दुसरी तिसऱ्या-चवथ्याची. दांडी आडवी हलवली म्हणजे आपण सळई निवडतो. उभी हलवली म्हणजे ती सळई सरकवतो. एवढ्या दोन क्रियांचे हे सारे शास्त्र आहे. सळईच्या खाचेत स्प्रिंगच्या दाबाने एक गोळी बसते. गिअर पडल्यावर हाताला जो सुखद ‘खट्’ जाणवतो, तो या गोळीचा.

जखडणारे कडे आणि चक्र यांचे वेग निराळे असले तर दात दातांवर घासून करकर होते. ही अडचण दूर करणारी युक्ती १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत आली. तिला ‘सिंक्रोमेश’ म्हणतात. एक पितळी कडी आधी चक्राच्या निमुळत्या कडेवर घासते, दोघांचा वेग एक करते आणि मगच दातांना वाट देते. चालत्या एस.टी.त चढू पाहणारा माणूस आधी गाडीच्या बरोबरीने चार पावले धावतो आणि मग दांडा धरतो. सिंक्रोमेशची कडी चक्रासाठी ती चार पावले धावते. परंतु धावायला थोडा वेळ लागतो. तो वेळ न देता जो दांडी आत ढकलतो, तो कडी झिजवतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जुन्या कित्येक गाड्यांत ही सोय दुसऱ्या, तिसऱ्या आणि चवथ्या गिअरालाच असे, पहिल्याला नसे. म्हणजे गाडी पळत असताना पहिला गिअर सहज पडत नाही. उतारावर अशा गाडीचा दुसरा गिअर हा शेवटचा दरवाजा होय. तो उघडला नाही तर पुढे दरवाजा नाही.

या दांडीचा मुक्काम नेहमी जमिनीवर नव्हता. १९३८ च्या सुमारास अमेरिकेतील गाड्यांत तिला स्टिअरिंगच्या खांबावर चढवण्याची टूम निघाली. पुढच्या सलग बाकावर तिघांना पाय मोकळे ठेवून बसता यावे, हा हेतू. ही टूम आपल्याकडेही आली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यात पुढे १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली आणि तीच सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. मुंबईत पोटापाण्यासाठी गेलेल्या आमच्या भागातल्या किती तरी चाकरमान्यांनी हिच्याच स्टिअरिंगवर आयुष्य घालवले. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. हिच्या खांबावरच्या दांडीला ‘हँड गिअर’ म्हणत. हिचे भावंड अँबेसिडरही अनेक वर्षे खांबावरच्याच दांडीने चालली. १९९२ साली इसुझूचे इंजिन घातलेली अँबेसिडर निघाली, तेव्हा तिला पाच गिअर आणि जमिनीवरची दांडी मिळाली.

खांबावरच्या दांडीत एक अंगचा दोष आहे. हात वर, गिअरबॉक्स खाली आणि दूर. मधले अंतर नळी, आडवे हात, सळया, पिना आणि बुश यांच्या साखळीने जोडावे लागते. साखळी जितकी लांब, तितके सांधे अधिक. सांधे जितके अधिक, तितका सैलपणा अधिक. म्हणून हौशी तरुण आपल्या फियाटची दांडी खांबावरून काढून जमिनीवर आणीत. परदेशी स्पोर्ट्स गाड्यांच्या आयातीवर कडक बंधने होती. तेव्हा घरच्या फियाटलाच स्पोर्ट्स गाडीचा साज चढवणे एवढेच हाती होते. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत. त्यांच्या वार्ता वाचून कित्येकांना हे वेड लागले. आजही एखादी जपलेली फियाट पाहिली तर तिच्या फरशीत मागाहून बसवलेली दांडी दिसण्याचा संभव असतो.

खऱ्या स्पोर्ट्स गाडीचे आपल्याकडचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे ‘स्टँडर्ड हेरल्ड’. ही गाडी १९६१ पासून मद्रासला तयार होत असे. इंग्लंडमध्ये हिचे मूळ नाव ‘ट्रायम्फ हेरल्ड’. हिच्याच चासीच्या आधारे तिकडे १९६२ साली ‘स्पिटफायर’ ही दोन आसनी उघडी स्पोर्ट्स गाडी निघाली. दोहींचे रूप जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन रचनाकाराने रेखले आणि दोहींच्या गिअरबॉक्सचे घराणेही एकच. हेरल्डची दांडी आरंभापासून जमिनीवर होती. म्हणजे स्पिटफायरवाला जी दांडी सुधारायला धडपडतो, तीच आपल्या हेरल्डवाल्याच्याही हाती असते. नव्या गाडीत ही दांडी सुरेख चालते. परंतु तिच्या बुडाशी नायलॉनचे आणि रबराचे लहान बुश असतात. ते पन्नास-साठ वर्षांनी झिजतात, चिरतात. मग दांडी हातात डुगडुगू लागते, रस्ताभर खडखडते आणि कोणता गिअर कोठे आहे हे हाताला कळेनासे होते.

या सैलपणाचा हिशेब करून पाहू. समजा, हातापासून फोर्कपर्यंत पाच सांधे आहेत आणि प्रत्येकात अर्धा मिलिमीटर झीज झाली आहे. अर्धा मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीएवढा. कोणी त्याची दखलही घेणार नाही. पण पाच सांध्यांचा मिळून तो अडीच मिलिमीटर झाला. आता दांडी हा तरफेचा प्रकार आहे. टेकूच्या वर गुंडीपर्यंत २४० मिलिमीटर आणि टेकूच्या खाली ४० मिलिमीटर अशी दांडी धरली, तर खालच्या एका मिलिमीटरास वर सहा मिलिमीटर होतात. खालचे अडीच, वर हातात पंधरा झाले! आणि दोन सळयांमधील आडवे अंतर हातापाशी पन्नास मिलिमीटर असेल, तर त्यातले तीन दशांश अंतर नुसत्या सैलपणाने खाल्ले.

हे आडवे अंतर कशासाठी महत्त्वाचे आहे? चार गिअरांची नेहमीची मांडणी डोळ्यांपुढे आणा. डावीकडे पहिला वर, दुसरा खाली. उजवीकडे तिसरा वर, चवथा खाली. घाट उतरताना तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचे आहे. हात खाली ओढायचा, मध्यावर डावीकडे न्यायचा आणि पुन्हा खाली ओढायचा. हे डावीकडे नेणे अपुरे झाले तर? खाली दुसरा नाही, चवथा आहे. दुसरा आणि चवथा हे दोन्ही खालच्याच अंगाला आहेत. त्यांत भेद आहे तो केवळ या आडव्या अंतराचा. ज्याला गाडी रोखायची होती त्याने अजाणता तिला मोकळी सोडलेली असते. वळण समोर येते, गाडी जड होण्याऐवजी हलकी होते आणि चालकाला कारण उमगत नाही. किंवा गिअर कोठेच न पडता दांडी न्यूट्रलमध्ये राहते. गाडी वेग घेते. वेग वाढला की दुसरा गिअर पडणे अधिकच कठीण होते. सैल दांडी म्हणजे केवळ खडखड नव्हे, ती ही आहे.

आता बाजारात या दुखण्यावर जो उपाय प्रथम सुचवला जातो तो म्हणजे ‘शॉर्ट शिफ्टर’, म्हणजे आखूड हालचालीची दांडी. शर्यतीच्या गाड्यांचे पाहून तिची हौस वाटते, आणि हौसेला आमचा विरोध नाही. मात्र तिचे गणित ओळखून मग ती घ्यावी. आखूड हालचाल दोन प्रकारांनी साधते. एक, वरची दांडी कापून लहान करणे. दुसरा, टेकू वर सरकवून खालचा भाग लांब करणे. वरच्या उदाहरणात टेकू दहा मिलिमीटर वर नेला, तर वर २३० आणि खाली ५० राहतील; सहापट होती ती तरफ ४.६ पट झाली. फोर्कला बारा मिलिमीटर सरकवायला पूर्वी हात ७२ मिलिमीटर हलत असे, आता ५५ पुरतात. हे लाभाचे झाले. पण पहारेने दगड उचटणारा गडी काय सांगतो? पहार आखूड धरली की जोर जास्त लागतो. येथेही तेच आहे. जेथे चार किलोंचा जोर पुरत होता तेथे आता सव्वापाच किलो लागेल. तरफ कोणालाच फुकट काही देत नाही. अंतरात दिलेले ती जोरात वसूल करते.

याहून सूक्ष्म गोष्ट निराळीच आहे. आखूड दांडी बसवताच गाडी सुधारल्यासारखी वाटते. का? सांध्यांतला अडीच मिलिमीटर सैलपणा आता हातात पंधराऐवजी साडेअकरा होऊन दिसतो. मालक खूश होतो. पण दोन सळयांमधील आडवे अंतरही त्याच प्रमाणात घटून पन्नासाचे अडतीस झालेले असते. पंधरा भागिले पन्नास आणि साडेअकरा भागिले अडतीस. दोन्ही उत्तरे तीन दशांशच! चुकण्याचा संभव रतिभर कमी झाला नाही. फक्त चूक लहान जागेत घडू लागली, म्हणून हाताला ती कळणे अधिक अवघड झाले. झिजलेल्या सांध्यांवर आखूड दांडी बसवणे म्हणजे गळक्या छपराखाली नवा रंग देणे होय. शिवाय हालचाल झटपट होऊ लागली की हातही उतावीळ होतो आणि सिंक्रोमेशच्या पितळी कडीला तिची चार पावले धावू देत नाही. दांडी नवी, कडी झिजलेली, असा संसार मग फार दिवस टिकत नाही.

तर सुधारणेचा खरा क्रम कोणता? आम्ही तो असा सांगू.

पहिले, दोष दांडीचाच आहे ना, हे पाहावे. क्लच पुरता सुटत नसेल तर उत्तम दांडीनेही गिअर करकरेल. इंजिन बंद असताना सारे गिअर सहज पडतात आणि चालू असताना अडतात, असे असेल तर आधी क्लचची तपासणी करावी. नंतर गिअरबॉक्सचे तेल पाहावे. पितळी कड्या असलेल्या जुन्या पेटीला बहुधा जी.एल. ४ प्रतीचे तेल मानवते; डिफरन्शियलसाठीचे जी.एल. ५ हे ‘वरचढ’ समजून त्यात ओतू नये. त्यातील तीव्र गंधकी द्रव्यांनी पितळेला अपाय होण्याचे भय असते आणि त्याच्या गुळगुळीतपणाने कडीची पकडही घसरते. उत्पादकाच्या पुस्तिकेत लिहिलेले तेल हेच प्रमाण मानावे.

महाडकरांना येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. २२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्री आणि गांधारी यांच्या पुराने शहराची काय दशा केली, हे येथे कोणाला सांगायला नको. त्या पुरात कित्येक वाहने बुडाली. बुडालेल्या गाडीच्या इंजिनाकडे सर्वांचे लक्ष जाते. गिअरबॉक्सकडे कोणाचे जात नाही. त्या पेटीला श्वास घ्यायला एक बारीक भोक असते, आणि पुराचे पाणी तेथूनही आत शिरते. तेल दुधाळ दिसू लागले की पाणी गेले असे समजावे आणि ते तेल काढून टाकावे. तसेच गाळ दांडीच्या सांध्यांत बसतो, पिना गंजतात आणि गंज बुश खातो. पूर ओसरून वर्षे लोटली तरी हा गंज आपले काम करीतच असतो. पूर न आलेल्या वर्षीही कोकणातला चार महिन्यांचा पाऊस रस्त्यावरचा चिखल खालून उडवतच असतो. म्हणून दांडीच्या बुडाचे रबरी आवरण फाटके ठेवू नये.

दुसरे, इंजिन व गिअरबॉक्स यांची रबरी माउंटिंगे पाहावी. ही बसली, फाटली की सारी पेटीच झोल खाते. दांडी गाडीच्या अंगाला जोडलेली आणि पेटी हलती, अशी स्थिती असेल तर खड्ड्यात आदळताच गिअर आपोआप सुटू शकतो.

तिसरे, एकेक सांधा पारखावा. सपाट जमिनीवर, चाकांना मागेपुढे दगड लावून, इंजिन बंद करून एकाने गुंडी हळू हलवावी आणि दुसऱ्याने खालून पाहावे. जेथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा हलत नाही, तेथे खडूने खूण करावी. अर्ध्या तासात सारी साखळी आपला दोष आपणच बोलून दाखवते. खुणेच्या जागचे बुश व पिना बदलाव्या. बुश कशाचे घ्यावे हा प्रश्न येतो. रबर मऊ, ते कंप गिळते पण लवकर थकते. नायलॉन बरेच टिकते. पॉलियुरेथेन अधिक घट्ट असते, पण इंजिनाची थरथर थोडी हातापर्यंत आणते. लेथवर कातून घेतलेले काशाचे बुश दीर्घकाळ टिकते. मात्र त्याला ग्रीस लागते. जुन्या गाडीचा तयार भाग मिळत नाही, म्हणून निराश होण्याचे कारण नाही. हाताशी चांगला लेथ आणि माप जाणणारा कारागीर असला तर हे काम कोठेही होते. नवे बुश घातल्यावर सांध्यात मिलिमीटरचा दहावा हिस्सा मोकळीक राहिली असे धरू. पाच सांध्यांचा मिळून अर्धा मिलिमीटर, आणि हातात तीन. कोठे पंधरा आणि कोठे तीन! ही खरी सुधारणा. आणि हिच्यात दांडीला हातही लावावा लागला नाही.

चवथे, एवढे झाल्यावर ज्याला आखूड दांडी हवी त्याने ती जरूर घ्यावी. पण माफक घ्यावी. हालचाल पाऊण झाली तर हाताला गोडी येते. निम्मी केली तर घाटात, दमलेल्या हाताला, तिचा जोर बाधतो.

खांबावरची दांडी जमिनीवर आणायची असेल तर आणखी सावधगिरी हवी. फरशीला भोक पाडण्यापूर्वी खालून ब्रेकची नळी, तारा आणि सायलेन्सर कोठून जातात ते पाहावे. भोकाची कड मजबूत करावी, नाही तर तेथूनच पत्रा गंजू लागतो. रिव्हर्स गिअर अजाणता पडू नये यासाठी मूळ यंत्रणेत जो अटकाव असतो, तो नव्या रचनेतही असलाच पाहिजे. असा अटकाव नसलेली दांडी कितीही देखणी असली तरी परत पाठवावी. जमिनीवर दांडी आली म्हणजे पुढच्या बाकावरचा मधला माणूस गेला. नोंदणीपत्रातील आसनसंख्येशी याचा संबंध पोचतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीपत्राशी विसंगत फेरफार करण्यावर निर्बंध घातले आहेत. तेव्हा काम काढण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी, हे शहाणपणाचे.

सुधारणा झाली, आता तिची परीक्षा कोठे घ्यावी? घाटात नव्हे. परीक्षा सपाट, मोकळ्या रस्त्यावर घ्यावी आणि घाटात नुसते उत्तर वापरावे. गाडी उभी असताना डोळे मिटून दुसरा आणि चवथा गिअर आलटून पालटून टाकून पाहावे. वीस वेळांत एकदाही चूक झाली नाही तर दांडी घाटाच्या योग्यतेची झाली. मग सपाटीवर, माफक वेगात, तिसऱ्यातून दुसऱ्यात येण्याचा सराव करावा. ज्यांच्या गाडीची पितळी कडी थकली आहे, त्यांनी जुन्या ड्रायव्हरांची ‘डबल क्लच’ ही रीत शिकून घ्यावी. क्लच दाबून दांडी न्यूट्रलमध्ये आणावी, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला हलकासा झटका द्यावा, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकावा. सिंक्रोमेशची कडी जे काम करते, तेच येथे पाय करतो. आणि उतारासाठी गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच निवडावा. घाटमाथ्यावरून गाडी खाली वळण्याआधी, वेग कमी असताना, दुसरा गिअर पडलेला असला तर वाटेत दांडीची कसोटी लागण्याचा प्रसंगच पुष्कळदा येत नाही.

यंत्राच्या सुधारणेविषयी आपल्या समाजात दोन टोकाच्या समजुती दिसतात. कोणी म्हणतो, जुने ते सोने, त्याला हात लावू नका. कोणी म्हणतो, नवे आणा, जुने भंगारात घाला. गिअरची दांडी या दोघांनाही थोडे थांबायला सांगते. जुन्या रचनेत मुळात दोष फारसा नसतो. दोष तिच्या झिजलेल्या सांध्यांत असतो. ते सांधे नीट केले तर तीच दांडी पुन्हा बोलू लागते. ते न करता वरची गुंडी आणि दांडी बदलली तर केवळ रूप पालटते, गुण पालटत नाही. अमुक सुधारणा चांगली की वाईट हे ठरवायला आम्हांला तरी एकच माप पटते: हाताने मागितलेला गिअर, मागितल्या क्षणी, दर वेळी मिळतो की नाही. दांडी किती आखूड झाली, गुंडी कशाची आहे, शेजारच्या गाडीहून ती शोभिवंत आहे का, हे प्रश्न त्यानंतरचे. पावसाळा तोंडावर येण्यापूर्वी, ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांनी एक सकाळ काढून, खडू हाती घेऊन, तिच्या खाली एकदा अवश्य डोकावून पाहावे.